वाफेतली तालीम

उर्मिलाची मुलगी पूर्वी बाथरूममधून बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर नवाकोरा ड्रेस होता, डोळ्यांत काजळ होतं, ओठांना लिपस्टिक होती आणि केस ठणठणीत कोरडे होते. आत चाळीस मिनिटं गरम पाण्याचा शॉवर धो धो चालू होता, दाराखालच्या फटीतून वाफ येत होती, आणि पोरगी बाहेर आली ती लग्नाला निघाल्यासारखी. अंघोळ करून आलेलं माणूस असं दिसत नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या उर्मिलाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तशी ही पाल तिच्या मनात बारमाही मुक्कामाला असते, असं तिचा नवरा अभिजित म्हणायचा. शेजारची नोरीन सलग दोन दिवस गोड बोलली तरी उर्मिलाला वाटायचं, हिला आता काहीतरी हवंय. पण यावेळी संशयाला कारण होतं. हे सोमवारी झालं, मंगळवारी झालं आणि बुधवारीही झालं. विचारलं तर पूर्वीचं उत्तर ठरलेलं, "काही नाही गं आई, ग्रँड." आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये वाढलेल्या मुलांनी 'सगळं ठीक' अशा अर्थाचा हा शब्द आईबापांची तोंडं बंद करायला राखून ठेवलाय अशी उर्मिलाची पक्की समजूत होती.

पूर्वी अठरा वर्षांची. शाळेची शेवटची परीक्षा जूनमध्ये संपली होती, आणि अमेरिकेत, अलाबामातल्या एका विद्यापीठात स्कॉलरशिपवर प्रवेश मिळाला होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जायचं. म्हणजे उरले तीन आठवडे. उर्मिलाला घाई झाली होती ती याची. आज पोरगी निदान डोळ्यांसमोर तरी आहे. एकदा विमानात बसली की ती जेवढं सांगेल तेवढंच आपल्याला कळणार. फोनवर ती हसून म्हणेल, सगळं ग्रँड आहे, आणि आपण इथे बसून ते खरं मानायचं. ते खरं मानता येईल का, एवढंच उर्मिलाला जाण्याआधी जाणून घ्यायचं होतं.

अभिजित इथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. ड्यूटीला निघता निघता तो म्हणाला की मुलगी वयात आलीय, नटणारच. नटून कोण बाथरूममध्ये जाऊन बसतं, असं उर्मिलाने विचारलं, तर त्याला गाडीची किल्ली सापडेना झाली.

मग तिने मेनूथ गावात राहणाऱ्या मैत्रिणीला, विभावरीला फोन लावला. विभावरीचा नवरा तिथल्या विद्यापीठात संशोधन करायचा आणि ती दिवसभर घरी असायची, त्यामुळे जगात काय काय वाईट घडतं याची तिला बारीकसारीक माहिती होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने घरात कोणी नसतानाही आवाज खाली आणला. दार लावून, नटूनथटून, पाण्याचा आवाज मोठा ठेवून मुली कॅमेऱ्यासमोर काय करतात ते तुला माहीत नाही, ती म्हणाली. पाणी चालू ठेवतात ते बाहेर बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून.  फोन ठेवल्यावर उर्मिलाने चहा केला आणि तो तसाच गार होऊन गेला.

पुरावा सापडला तो गुरुवारी सकाळी, हॉट प्रेसमध्ये. गरम पाण्याची टाकी ठेवलेलं जिन्यावरचं कपाट, ज्यात इथली माणसं टॉवेल आणि चादरी ऊबदार ठेवतात. जुन्या ब्लँकेटांच्या मागे एक पिशवी होती आणि पिशवीत चार ड्रेस. उर्मिला ते हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली. तिचा व्यवसायच शिवणकामाचा. पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. अख्ख्या कॉर्कमधल्या आपल्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडे यायचे, आणि शाळा संपल्यावरच्या नाचासाठी आयरिश मुलींचे लांब गाऊनही. आणि तिच्याच मुलीने चार ड्रेस बाहेरून मागवले होते, आईला न दाखवता. शिवण कच्ची, अस्तर पॉलिएस्टरचं, मुंढा इतका आवळ की हात वर केला तर उसवेल. एकाच्या काखेत कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या. कपडे असे भरून ठेवलेत म्हणजे कोणाचा तरी पोरीला पळवून नेण्याचा बेत असावा, हे वाईट होतंच, पण असल्या ड्रेसमध्ये, हेही उर्मिलाला झोंबलं. तिने सगळं होतं तसं परत ठेवलं.

दुपारी शॉवर सुरू झाला तशी ती अनवाणी पायांनी वर गेली आणि दाराला कान लावला. आत एक बाई बोलत होती. अमेरिकन हेल, गोड, गुळगुळीत. हात वर कर. आता वळ, हळू. मागची बाजू दाखव. डोळ्यांनी हस, नुसत्या ओठांनी नको. छान, आता पुन्हा दारातून आत ये.

उर्मिलाने पुढचं ऐकलंच नाही. तिने दार ढकललं, आणि जोर इतका लावला की ती आतल्या टॉवेलच्या दांडीवर जाऊन आदळली, कारण कडी लावलेलीच नव्हती. वाफेत आधी काही दिसेना. मग पूर्वी दिसली, फिक्या निळ्या ड्रेसमध्ये, हातात पाण्याची बाटली. खिडकीच्या कट्ट्यावर लॅपटॉप होता, तो किचनमधल्या प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलेला. आरशावर तापमापक चिकटवलेला, त्यावर तेहतीस. लॅपटॉपवरच्या सोनेरी केसांच्या चाळिशीच्या बाईने हात हलवून उर्मिलाला हाय मॉम म्हटलं.

"ही कोण?" उर्मिलाने विचारलं.

खाली किचनमध्ये उलगडा झाला. पूर्वी बोलायची इंग्रजीतच, आईचं मराठी तिला नुसतं कळायचं. पण त्या दिवशी ती घाबरून अधूनमधून मराठी शब्दही घालत होती. तिकडच्या विद्यापीठात मुलींची मंडळं असतात, त्यांना सोरॉरिटी म्हणतात. प्रत्येक मंडळाचा मोठा बंगला. वर्ग सुरू व्हायच्या आधी आठवडाभर नव्या मुली रोज या बंगल्यातून त्या बंगल्यात जातात, तिथल्या मुली त्यांच्याशी दहा दहा मिनिटं बोलतात आणि संध्याकाळी ठरवतात, हिला ठेवायचं की गाळायचं. तिथे ऑगस्टमध्ये पस्तीस डिग्री आणि भयंकर दमट. बंगल्याबाहेर उन्हात तासभर रांग. आत जाताना चेहरा ओघळलेला नको, काखेत डाग नको, केस चिकटलेले नकोत. आणि कॉर्कमध्ये जुलैत सतरा डिग्री आणि भुरभुर पाऊस. मग सराव करायचा कुठे? म्हणून बाथरूम. ती बाई त्या विद्यापीठात शिकून गेलेली, आता मुलींना ऑनलाइन शिकवते.

उर्मिलाने ऐकून घेतलं, पण सुटल्यासारखं तिला वाटलं नाही. पोरगी पळून जात नव्हती, हे बरंच झालं. पण हे काय होतं? नटूनथटून परक्या घरी जायचं, त्यांनी आपल्याला न्याहाळायचं, चार प्रश्न विचारायचे आणि नंतर कळवायचं. हे तिला चांगलं ठाऊक होतं. अभिजितच्या आधी पाच घरांनी तिला बघून नंतर कळवतो म्हटलं होतं. इथे फरक एवढाच की मुलगा नव्हता.

"आणि हे माझ्यापासून लपवायचं कशाला?"

"तू नको म्हणाली असतीस," पूर्वी म्हणाली. "आई, मी तिथे एकाही माणसाला ओळखत नाही. मला तिथे कोणीतरी हवंय."

हे ती इतकं सरळ म्हणाली की उर्मिलाचा राग जागच्या जागी बसला. वीस वर्षांपूर्वी ती स्वतः या गावात आली होती तेव्हा पहिले सात महिने तिच्याशी नवऱ्याशिवाय कोणी बोललं नव्हतं. काय घालायचं, काय विचारतील याची त्या बाईने पाठवलेली यादी तिने मागून घेतली आणि चष्मा लावून वाचायला बसली. वाचता वाचता तिच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या, पण वेगळ्या कारणाने.

उर्मिला अलिबागची. दमट उकाडा म्हणजे काय हे तिला कोणा सोनेरी केसांच्या बाईने शिकवायची गरज नव्हती. यादीत लिहिलं होतं, ड्रेस अंगाला बसता हवा. कशाला बसता? काखेला वारा लागला तर घाम वाळेल ना, उर्मिला म्हणाली आणि सांगतच सुटली. फिका निळा आणि राखाडी रंग आधी बाद, थेंब पडला की डाग लांबून दिसतो. पांढरा चालेल, बारीक फुलाफुलांचा सगळ्यात उत्तम. पावडरीचे थर नकोत, त्यांची उन्हात लापशी होते. चेहरा पुसायचा नाही, टिपायचा. डिओडरंट सकाळी धावपळीत नव्हे, रात्री कोरड्या अंगाला. मांड्या घासू नयेत म्हणून आतून सुती सायकलिंग शॉर्ट. केस वर बांध, मान उघडी राहू दे, आणि रांगेत असताना ओला रुमाल मनगटावर ठेव. पूर्वी आधी नुसती बघत राहिली, मग फोन काढून लिहून घ्यायला लागली. उर्मिलाला मनातून फार बरं वाटलं, पण तिने ते दाखवलं नाही.

चार दिवस मशीन चालू होतं. नोरीनच्या मुलीचा गाऊन बाजूला पडला. उर्मिलाने पॉलिएस्टरची अस्तरं उसवून टाकली आणि मऊ मलमल लावली, मुंढे सैल केले, काखेत धुता येतील अशा सुती घड्या बसवल्या. निळा ड्रेस तिने सरळ बाद केला आणि त्या जागी नवा शिवला, पांढऱ्यावर बारीक हिरवी पानं, घरात ठेवलेल्या तिच्या स्वतःच्या कापडातला. पूर्वी मशीनजवळ बसून राहायची. त्या चार दिवसांत मायलेकी गेल्या दोन वर्षांत बोलल्या नसतील तेवढ्या बोलल्या. विभावरीचा दोनदा फोन आला, तो उर्मिलाने उचलला नाही.

मंगळवारी दुपारी शेवटची परीक्षा घ्यायची ठरली. शॉवर सोडला, तापमापक चौतीसवर गेला. उर्मिला स्टुलावर यादी घेऊन बसली. बंगल्यातली मुलगी व्हायचं काम तिचं होतं. पूर्वी बाहेर जाऊन दारातून आत आली. पानांच्या ड्रेसमध्ये ती इतकी सुंदर दिसत होती की उर्मिला यादीकडे बघायचंच विसरली. अर्धा तास झाला तरी कपाळावर थेंब नाही, काखेत डाग नाही. उर्मिला प्रश्न विचारत गेली. कुठून आलीस? आयर्लंडहून. काय शिकणार? रसायनशास्त्र. कॉर्कचा हेल पूर्वीच्या बोलण्यातून कधीच गेला होता, त्या जागी लॅपटॉपवरच्या बाईचा गोड आवाज आला होता.

चौथा प्रश्न होता, आईवडील काय करतात.

पूर्वीने मान किंचित कलती केली, क्षणभर थांबली आणि डोळ्यांनी हसली. "बाबा डॉक्टर आहेत," ती म्हणाली, "आणि आईसुद्धा डॉक्टर आहे."

उर्मिलाने पाचवा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर तिला ऐकू आलं नाही. मग तिने उठून पाणी बंद केलं.

"मी डॉक्टर कधी झाले?"

पूर्वी गोंधळली नाही. गोंधळली असती तर बरं झालं असतं, असं उर्मिलाला वाटलं. आपल्या नेहमीच्या आवाजात तिने समजावून सांगितलं की ही नुसती तालीम आहे. डॉक्टर म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. शिवते म्हटलं की विचारतात, काय शिवते, कुठे, का. आणि मिळतात दहाच मिनिटं. यात तुला कमी लेखायचा प्रश्नच नाही, ती म्हणाली. "हे मी सगळ्यांनाच सांगते, आई. शाळेतही."

शाळेतही. म्हणजे इथल्या हायस्कूलची सहाही वर्षं. त्या मैत्रिणी घरी यायच्या, उर्मिला त्यांना गरम गरम थालीपीठ वाढायची, आणि त्या तिला डॉक्टर समजून खायच्या. कधी एकीने तिला घसा दाखवला होता, ते तिने हसण्यावारी नेलं होतं. इतकी वर्षं ती दारांना कान लावत होती, खिसे तपासत होती, भलत्याच ठिकाणी शोधत होती. तिला फार वाईट वाटलं, आणि ते कोणाला सांगावं तेही कळेना.

"पुन्हा बाहेर जा," ती म्हणाली. "दारातून ये. आता खरं सांग."

पूर्वी बाहेर गेली. उर्मिलाने पाणी सोडलं, वाफ पुन्हा भरली. दार उघडलं.

"तुझी आई काय करते?"

पूर्वीने मान किंचित कलती केली, क्षणभर थांबली आणि डोळ्यांनी हसली. "माझी आई कपडे शिवते," ती म्हणाली. "हा ड्रेसही तिनेच शिवलाय, चार रात्री जागून. मला तिचा फार अभिमान आहे." अभिमान म्हणताना तिचा आवाज थोडासा भरून आला.

रात्री कोणी जागलं नव्हतं. काम सगळं दिवसा झालं होतं. उर्मिला तिच्या तोंडाकडे बघत राहिली, नीट, जवळून, एखादी शिवण तपासावी तशी. कुठे काही उसवलेलं नव्हतं.

"हे जास्त चांगलं होतं ना?" पूर्वीने विचारलं, पुन्हा कॉर्कच्या हेलात.

"हो," उर्मिला म्हणाली. "हेच सांग."

कोणत्याही बंगल्यातल्या कोणत्याही मुलीने यावर विश्वास ठेवला असता. आधीचं उत्तर ऐकलं नसतं, तर उर्मिलानेही ठेवला असता.