हाराच्या मधली नोट

मित्रांनो, इस्त्री माणसं कपड्यावर फिरवतात. मुजम्मिलनं ती माझ्यावर फिरवली. आधी रिठ्याच्या पाण्यात बुचकळलं, मग दोन रुमालांत घालून दाबलं. कॉलेज शिकलेला माणूस, पण म्हाताऱ्या बाईला न विचारता आंघोळ घालू नये एवढी अक्कल त्याला कोणी शिकवली नाही.

होय, म्हातारीच मी. दहा रुपयांची जुनी नोट. माझ्या पाठीवर शिडाचं गलबत आहे आणि नंबराच्या शेवटी ७८६. नाशिकच्या छापखान्यात जन्मले. कापसाचा कागद, अंगात असा कडकपणा की हलवलं तर वाजायची.

माझ्या बरोबरीच्या बहिणी बाजारात फिरल्या, तेलामिठाच्या हातांत मळल्या, विरल्या. माझं नशीब वेगळं. अचलपुरात गाद्या-रजया भरणाऱ्या बशीर पिंजाऱ्याचं लग्न निघालं. त्याच्या मामानं नवरदेवासाठी नोटांचा हार केला. बाकी साऱ्या एकेक रुपयाच्या, आणि मधोमध पदकासारखी मी, कारण ७८६ हा आकडा त्यांच्यात शुभ. तेव्हा माझ्या डोक्यात पिन टोचली. दुखलं, पण त्या दुखण्याचा मला अभिमान आहे. वरून गुलाबाच्या अत्तराचा थेंब पडला, त्याचा पिवळा डाग राहिला.

लग्नानंतर हार सुटला. सुटे रुपये घरखर्चात गेले. मला मात्र नव्या नवरीनं, नसीमबानोनं, रेशमी चिंधीत गुंडाळून पेटीत ठेवलं. पुढे त्या घरात मुलाचं लग्न असो की जावयाचं, हाराच्या मध्यभागी मीच, आणि पिन जायची ती त्याच जुन्या छिद्रातून. दुसरं छिद्र पाडायची कोणाची छाती नव्हती. एकदा तिच्या धाकट्या दिरानं, गुलफामनं, स्वतःच्याच लग्नात घाईत पिन भलतीकडे टेकवली, तर नसीमबानो भर वरातीत म्हणाली, "घोड्यावर मंग बस, आंधी डोये उघड."

मग ते बोंडअळीचं साल आलं. अळीनं बोंडं आतून पोखरली, कास्तकाराच्या हाती काही लागलं नाही. अशा साली जुनी गादी पिंजून कोण घेतो? बशीर तोवर अल्लाघरी गेलेला, दुकान मुलाच्या, म्हणजे मुजम्मिलच्या, गळ्यात. त्यात बहिणीचं, गजालाचं लग्न ठरलेलं. तिच्या नवऱ्याच्या हारात मीच लागणार, हे नसीमबानोनं लग्न ठरलं त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

इकडे अकोल्यात कोणीतरी मुजम्मिलच्या कानात भरवलं की जुन्या नोटा तपासून सत्तरपैकी गुण देणारे लोक असतात. ते नोट प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद करतात, आणि चांगल्या गुणांची नोट शौकीन लोक मोठ्या किमतीला उचलतात. झालं. आई दर्यापूरला गेली आणि यानं पेटी उघडली. डाग आणि छिद्र पाहून गुण कापतील म्हणून मला धुतलं, कागदाचा लगदा डिंकात कालवून छिद्र बुजवलं, आणि वरून ती इस्त्री. मग मला तपासणीला पाठवलं. हेतू वाईट नव्हता. पण नुसत्या हेतूला काय चाटायचं?

मित्रांनो, तपासणारे आंधळे नसतात. त्यांनी मला दिव्यापुढे धरलं, भिंगातून पाहिलं. डागाचे, छिद्राचे, घडीचे थोडे गुण ते कापतात खरे, पण नोट जशी जगली तशी समोर आली तर तिची इज्जत ठेवतात. माझा रंग उतरला होता, छपाईचा उठाव चेपला होता. त्यांनी मला पाकिटात बंद करून आतल्या चिठ्ठीवर लिहिलं: धुतलेली, दाबलेली, दुरुस्त केलेली. अकोल्याच्या शौकिनानं पाकीट उलटसुलट करून परत दिलं. म्हणाला, "भाई, पिनचा छेद असता तं घेतलीबी असती." जुन्या वस्तूला जपायचं असेल तर आधी तिला हात लावायचा सोडा, हे माझं सांगणं लिहून ठेवा.

लग्नाच्या आदल्या दिवशी नसीमबानोनं मला मागितलं. मुजम्मिलनं मान खाली घालून पाकीट पुढे केलं. तिला वाचता येत नाही. गजालानं इंग्रजी चिठ्ठी वाचून अर्थ सांगितला. मुजम्मिल पुटपुटला, "अम्मी, मी तं गजालासाठीच केलं."

नसीमबानोनं गादीचं कापड कापायची कैची घेतली, पाकिटाची कड कापली आणि मला बाहेर काढून नाकाशी नेलं. अत्तराचा वास नव्हता. उजेडात धरलं. छिद्रातून उजेड येईना. मग तिनं पिन मुलाच्या हातात ठेवली.

"धुतली, दाबली, दुरुस्त केली. बराबर लिहिलं त्यायनं. हा छेद तुह्या अब्बाच्या लग्नाचा होता, अन् तुले त्याची लाज वाटली. आता हे पिन घे अन् तोच छेद उघड. दामादाच्या हारात हेच नोट लागन, मधोमध. अन् वरातीत कोणी इचारलं का हे अशी मेल्यावानी काहून दिसते, तं सांगाले मी नाई येत. सगळ्यायसमोर तूच सांगशीन."