चर्च हॉलमधली दौलतजादा

"रत्ना म्हणजे आपल्यातलीच कोणीतरी असणार," सुलक्षणा फोनवर म्हणाली. "महाराष्ट्र मंडळाच्या यादीत दोन रत्ना आहेत. एक ऐंशीची आहे. दुसरी लेस्टरची, घटस्फोटित."

लंडनमधल्या ईलिंगहून तिची मुलगी अनुया हसली. "आई, बाबा साठ वर्षांचा आहे. बी सेन्सिबल. त्यालाच विचार ना."

"तीनदा विचारलं. ऐकून न ऐकल्यासारखं करतात."

सुलक्षणा साउथहॅम्प्टनमध्ये एका डेंटिस्टकडे बावीस वर्षं रिसेप्शनवर बसत होती. कोण खरंच रोज दात घासतं आणि कोण नुसतंच सांगतं, हे तिला दारातच कळे. अशा बाईला नवरा न कळावा, हे तिला फार लागलं होतं. श्रीकांत हृदयविकाराचा डॉक्टर. पाच वर्षं बाकी असताना मार्चमध्ये एकाएकी निवृत्त झाला. कारण विचारलं तर म्हणाला, "कंटाळा आला." पंचवीस वर्षांत ज्याला रजेचा कंटाळा यायचा, त्याला कामाचा कसा आला? तेव्हाच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. या थंडीत खऱ्या पाली जगत नाहीत, पण मनातलीला थंडीबिंडी काही बाधत नाही.

मग महिन्यातून दोन रविवारी त्याचं दुपारचं फिरायला जाणं सुरू झालं. इस्त्रीचा शर्ट घालून कोण फिरायला जातं? टेबलाच्या खणात एक सीडी सापडली, तिच्यावर सोनेरी टिकल्यांच्या पोशाखातली बाई माइक धरून उभी. अक्षरं इंग्रजी, पण एक शब्द कळेल तर शपथ. आणि काल त्याच्या मोबाईलवर मेसेज आला होता: रविवार, दोन वाजता, नेहमीचा हॉल. रत्ना.

रविवारी तो बसने निघाला आणि ही गाडी काढून मागोमाग.

बस बंदराजवळच्या एका चर्चपाशी थांबली. श्रीकांत शेजारच्या हॉलमध्ये शिरला. दहा मिनिटं स्टिअरिंगवर हात आवळून बसल्यावर तीही शिरली आणि मागच्या खुर्चीवर टेकली.

आत साठसत्तर माणसं होती, सगळी इंडोनेशियाची. क्रूझ जहाजांवरचे आचारी, नर्सेस, विद्यार्थी. स्टेजवर कीबोर्ड, बासरी आणि तबल्याची सख्खी मावसबहीण वाटावी अशी ढोलांची जोडी. चाल जुन्या हिंदी गाण्याच्या वळणाची, शब्द परके. मध्यभागी सोनेरी पोशाखात एक बाई ठुमकत गात होती. एक आचारी नाचत वर गेला आणि एकेक नोट तिच्या हातात देऊ लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ही तर तमाशातली दौलतजादा! सुलक्षणाच्या अंगाची लाही झाली. तिच्या माहेरी एक काका याच नादापायी घराबाहेर गेले होते. त्यांचं नाव निघालं की आई उठून भांडी घासायला जाई.

तेवढ्यात श्रीकांत उठला. ताल चुकवत स्टेजवर गेला आणि पाच पौंडांची नोट त्या बाईच्या हातात दिली.

"पहिल्यांदाच आलात?" शेजारच्या म्हाताऱ्या बाईने इंग्रजीत विचारलं. तिच्या डोक्याला रुमाल होता. "गाते ती रत्ना, माझी सून. आमच्याकडे लग्नातसुद्धा अशा नोटा देतात, मीही देते. बँडवाले वाटून घेतात." मग तिने पुढे बोट दाखवलं. "ते डॉक्टर फार चांगले. आमच्या एका आचाऱ्यावर त्यांनी उपचार केले, त्यानेच त्यांना आणलं. नेहमी तिथेच बसतात."

श्रीकांत खाली येऊन मोठ्या स्पीकरला खेटून बसला होता. बाकी सगळ्यांनी त्या स्पीकरपासून खुर्च्या लांब ओढल्या होत्या. त्याने मात्र तळहात त्यावर सपाट टेकवला होता आणि डोळे मिटले होते.

गाणं संपलं. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अहो."

तो हलला नाही.

"अहो, मी आलेय."

हॉलमध्ये आता पुरेशी शांतता होती. तरी त्याने मान वळवली नाही. सुलक्षणाने खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली. तो दचकला, मग तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"कधीपासून ऐकू येत नाहीये?" तिने विचारलं.

"वर्ष झालं असेल," तो म्हणाला. "फेब्रुवारीत एका पेशंटच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. हृदयाच्या झडपेचा आवाज माझ्या ज्युनियरला आला, मला नाही. दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहिला. एखादा माणूस माझ्या हातून गेला असता, सुलू."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू माझ्याशी ओरडून बोलायला लागली असतीस. इथे सगळेच मोठ्याने. ढोल हाताला तरी लागतो."

तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याचा रागही आला. सहा महिने ती संशय घेत बसली होती आणि हा माणूस त्याच घरात एकटा पडला होता.

"कुठला कान बरा आहे?"

"उजवा. त्याने येतं अजून."

तिने खुर्ची उचलून त्याच्या उजव्या बाजूला ठेवली. स्टेजवर पुढच्या गाण्याची जुळवाजुळव चालली होती. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "जाताना काय घेऊ या, पापलेट की कोळंबी?"

श्रीकांत तिच्याकडे वळून हसला. "हो," तो म्हणाला.

तिने पुन्हा विचारलं नाही.