साडेचौदा तास

“साडेचौदा तास, आत्या. पाय नुसते आखडून गेले,” दादा म्हणाला.

“तरी धावत आलास हो बापासाठी,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “इथे काहींना दोन गल्ल्या ओलांडवेनात.”

टोमणा काकांना होता. मी मात्र दादाकडे पाहत राहिले. बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. तो येईपर्यंत आम्ही त्यांना अख्खा एक दिवस शवागारात ठेवलं होतं.

बाबांनी तीस वर्षं विमानतळावर विमानांचे मार्ग आखले. अंतर, वारा, इंधन. आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की जाणं आणि येणं सारखं नसतं. दादाच्या शहराकडे जाताना वारा तोंडावर, म्हणून साडेचौदा तास. येताना तोच वारा पाठीशी. तेव्हा साडेबारा.

मी आतल्या खोलीत जाऊन फोनवर, अंतर काढून देणाऱ्या साइटवर, दोन्ही विमानतळ टाकले. अकरा हजार सहाशे किलोमीटर, साडेचौदा तास. उलटे टाकले, तरी तेच. अंतराला वेगाने भागून मोकळे. वाऱ्याचा पत्ताच नाही. दादाने आकडा इथूनच उचलला होता. खरंच त्या दिवशी उडाला असता, तर बाबांचा मुलगा असा चुकला नसता.

मनात पाल चुकचुकली. मी बातमी दिली तेव्हा तो फक्त “निघतो” म्हणाला होता. कुठून, ते मी विचारलं नव्हतं. बापलेकांत सहा वर्षं अबोला होता. बाबा रुग्णालयात असल्याचं मी कळवलं, तेव्हाही त्याने येतो म्हटलं नव्हतं. मुद्दाम उशीर केला असेल, तर या माणसाला मी पुन्हा दादा म्हणणार नव्हते.

तो गच्चीवर कपडे वाळत घालत होता.

“येताना वारा कुठून होता रे?”

त्याचा हात दोरीवरच थांबला. “चिमे, उलटतपासणी नको.”

“कधी उतरलास?”

त्याने दोरीवरचा टॉवेल सरळ केला. “गुरुवारी दुपारी.”

बाबा शुक्रवारी सकाळी गेले होते.

“तू इथे होतास? आणि आम्ही त्यांना तिथे बर्फात...”

“विमानतळाजवळच्या हॉटेलात होतो. येताना घड्याळाकडे लक्षच नव्हतं, तास नंतर फोनवरून काढले. उतरल्या उतरल्या त्यांना फोन केला. म्हणाले, ‘आज नको, उद्या ये. दाढी वाढलीय, जरा माणसात येऊ दे मला. आणि चिमीला सांगू नकोस, डोकं खाईल माझं.’ ऐकलं मी. जन्मात पहिल्यांदा त्यांचं ऐकलं बघ.” तो हसायला गेला, जमलं नाही. “सकाळी तुझा फोन. कुठल्या तोंडाने अर्ध्या तासात दारात उभा राहणार होतो?”

गुरुवारी संध्याकाळी रुग्णालयात बाबा मला म्हणाले होते, न्हाव्याला बोलाव. मी दमले होते. “उद्या बघू,” मी म्हणाले होते. “कोण येणार आहे तुम्हाला बघायला?” त्यांनी फक्त हनुवटीवरून हात फिरवला होता.

दादाने ओला सदरा झटकला. “केली होती का गं दाढी? मला चेहरा बघवला नाही त्यांचा.”

“हो,” मी म्हणाले. “अगदी गुळगुळीत.”