मळ काढायचा नाही

सगळा घोळ झाला तो टूथब्रशमुळे.

लेकीच्या जेवणाच्या टेबलावर जावयानं दोन घड्याळं मांडून ठेवली होती. दोन्ही खोल पाण्यात उतरणाऱ्यांसाठीची, जाडजूड, भोवती फिरतं कडं असलेली. एक खरोखरीचं जुनं, दुसरं कोरं करकरीत पण हुबेहूब त्या जुन्यासारखं. दुकानदारानं दोन्ही पारखायला दिली होती, एक ठेवायचं आणि एक परत करायचं. सासऱ्यांनी जुनं उचलून उलटंपालटं केलं. पट्ट्याच्या सांध्यांत काळा मळ गच्च बसलेला, पाठीमागच्या झाकणाच्या खाचेत हिरवट लगदा. कुणाकुणाचा घाम, कुणाकुणाची कातडी, देव जाणे. त्यांनी भांड्यांचा साबण घेतला, एक जुना टूथब्रश शोधला आणि नळ सोडला.

“बाबा!” जावई इतक्या जोरात ओरडला की लेक धावत बाहेर आली. “अहो, काय करताय! पॅटिना आहे तो!”

“मळ आहे हो, जावईबापू.”

“त्या मळालाच तर मान आहे. जुनेपणाची खूण ती, काढायची नसते.”

“मग हे नवं ठेवा की. स्वच्छ तरी आहे बिचारं.”

जावयानं खुर्ची ओढली आणि शिकवणी घेतली. नव्याला नक्कल म्हणायचं नाही, होमाज म्हणायचं. जुन्याला वाहिलेली मानवंदना. आणि हे पाहा, तबकडीवरचे ठिपके उन्हानं पिवळे पडल्यासारखे वाटतात ना? ते कारखान्यातच तसे रंगवलेले.

“म्हणजे नव्यालाही मुद्दाम मळवलंय?”

“आता तुम्हीच सांगा, कुठलं ठेवू?”

सासऱ्यांना दोन्ही गटारात टाकायच्या लायकीची वाटली. एकावर परक्याची घाण, दुसऱ्यावर घाणीचं सोंग. पण लेकीच्या घरी राहणारा बाप खरं जरा बेतानंच सांगतो. “तुम्हाला आवडेल ते,” म्हणाले आणि टूथब्रश जागेवर ठेवला.

उभा जन्म त्यांनी बंदरात काढला होता. नांगरलेल्या जहाजांच्या खाली उतरायचं आणि तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, हे काम. एक कान गेला, मग गुडघे गेले, तेव्हा लेकीनं त्यांना घरी आणलं. गल्लीत सगळे त्यांना पाणबुडेच म्हणत. इतकी वर्षं जावयाला या कामाचं काडीचं कौतुक नव्हतं. पाहुण्यांना तो ‘सासरे बंदरात होते’ एवढंच सांगून विषय बदलायचा. आता एकाएकी त्याला प्रेमाचा उमाळा आला होता.

कारण असं, की रविवारी घड्याळवाल्या मंडळींची बैठक होती. जुन्या घड्याळाला कागद नाहीत, मागचा मालक कोण ते ठाऊक नाही, आणि असल्या बेवारशी घड्याळाला तिथे कुणी हिंग लावून विचारत नाही.

“तुम्ही फक्त हातात घाला,” जावई म्हणाला. “कामावर असताना हेच वापरायचात, असं मी सांगतो. मंडळींनी मान डोलावली तर हे ठेवू, नाहीतर होमाज.”

“मी कधी घड्याळ घातलेलंच नाही.”

“ते कुणाला कळतंय?”

“घाला ना, बाबा,” लेक म्हणाली. “एवढं काय मागतोय तो?”

घड्याळाची सवय नव्हती, त्यांनी उजव्याच मनगटावर घातलं. परक्या माणसाचा घाम मनगटाला चिकटल्यासारखं वाटत राहिलं, आणि घास घेताना ते दुसरा हात वापरू लागले.

बैठक एका वातानुकूलित खोलीत होती. भिंगं, पांढरे हातमोजे, मखमलीचे तुकडे. पोट सुटलेली सज्जन माणसं पाणबुड्यांचं मनगट पकडून, खरेदीला आलेल्या बैलाचे दात पाहावेत तसं ते घड्याळ पाहत होती. एकानं तर खाली वाकून पट्टा हुंगला. “अहाहा!” म्हणाला. पाणबुड्यांना शिसारी आली.

जावयाला मात्र चेव चढला. घड्याळ किती खोल गेलं, कुठल्या वादळात गेलं, याच्या थापा मारता मारता तो शेवटी म्हणाला, “आणि एकदा तर वर दोरी धरून बसलेला माणूस चक्क झोपला! बाबांनी घड्याळ पाहिलं, वेळ संपली होती, स्वतःच्या हिमतीवर वर आले. नाहीतर मला बायको कुठून मिळाली असती?”

सगळे हसले. पाणबुडे उठून उभे राहिले.

“झोपला नव्हता तो.”

“बाबा, बसा—”

“बंदराच्या पाण्यात स्वतःचा तळवा दिसत नाही हो. घड्याळ कसलं बघताय? हे माझं नाही. माझी वेळ वर असायची, मुक्यापाशी. बोलायचा नाही फारसा, म्हणून मुक्या. वेळ झाली की तो माझ्या कमरेची दोरी हिसकायचा आणि मी वर यायचो. एकदा हवेची नळी मुडपली आणि मी खालीच बेशुद्ध पडलो. दोरी त्याच्या हाताला वेगळी लागली. एकट्यानं ओढलं मला. ओला काथ्या तो, तळहातांची सालटी निघाली त्याच्या, आत मांस दिसत होतं. तरी सोडली नाही. तो माणूस आता नाही, म्हणून त्याला झोपवताय?”

जावयाचा चेहरा उतरला. हुंगणाऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि क्षणभर पाणबुड्यांना वाटलं, पोचलं. निदान एवढं तरी पोचलं.

“काय गोष्ट आहे!” गृहस्थ म्हणाले. “अस्सल! काथ्याची दोरी म्हणालात? हातानं वळलेली?”

“हो.”

“रक्ताचे डाग वगैरे राहिले असतील तिच्यावर?”

“आहे का हो अजून कुणाकडे?” दुसऱ्यानं विचारलं.

पाणबुड्यांना त्या प्रश्नाचा रोख कळला नाही. “आहे की,” ते भोळेपणानं म्हणाले. “त्याची बायको तिच्यावर कपडे वाळत घालते.”

“कपडे!” तिघेचौघे एकदम कळवळले. तळहातांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

जावयाच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. त्यानं सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाबा, तुमचं ऐकतील ना त्या काकू? फुकट नको मागायला. त्यांना आपण नवीन आणून देऊ की. अगदी तश्शीच दिसणारी.”

पाणबुड्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडवलं, मखमलीवर टाकलं आणि हात कुठे धुता येतील ते विचारलं. कुणी ऐकलं नाही. सगळे दोरीबद्दलच बोलत होते.