नाही न म्हणणारी ताई

यंत्राचं नाव ठरलं होतं, आवाज ठरला होता, खोक्याचा रंगही ठरला होता. यंत्र तेवढं व्हायचं होतं. पण लोक त्याच्याशी कसे बोलतील हे आधी कळायला हवं, म्हणून कंपनीने चाचणीची जगमान्य पद्धत अवलंबली: कपाटात माणूस बसवणे. या पद्धतीला शास्त्रीय नावही आहे, पण त्याने कपाट मोठं होत नाही.

कपाट म्हणजे स्टेशनरीची खोली आणि माणूस म्हणजे कंपनीचा संवादरचनाकार, यंत्राने काय बोलायचं ते लिहिणारा. बिघडलेल्या प्रिंटरशेजारी तो स्टुलावर बसायचा. कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक, समोर स्क्रीन. पलीकडच्या खोलीत सोफा, टीपॉय आणि टीपॉयवर एक पांढरं, आतून रिकामं खोकं. चाचणीला आलेला माणूस खोक्याशी बोलायचा, हा कपाटातून उत्तर द्यायचा आणि मधलं सॉफ्टवेअर त्याच्या घोगऱ्या आवाजाचा तिशीतल्या, जन्मात न चिडलेल्या बाईचा आवाज करून टाकायचं. त्या बाईचं नाव ताई.

ताईचे नियम त्यानेच लिहिले होते. ताई कधीही 'नाही' म्हणत नाही. समोरच्याच्या प्रत्येक निर्णयाचं ती कौतुक करते. आणि बोलणं संपलं की विचारते, "आणखी काय मदत करू?" विभागप्रमुख बाईंना हे नियम इतके आवडले की त्यांनी ते मोठ्या अक्षरांत छापून कपाटाच्या भिंतीवर चिकटवले. आज त्या जातीने हजर होत्या, कागदाच्या गठ्ठ्यावर बसून, स्वतःचे हेडफोन लावून. एक जरी नियम मोडला, तर रचनाकाराची रवानगी लिफ्टच्या विभागात होणार होती. तिथे एक गृहस्थ कित्येक वर्षं 'दार बंद होत आहे' या एकाच वाक्यावर काम करत होते.

स्क्रीनवर दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या.

'आईचं नाव कुठेतरी नोंदवलंय, तेवढाच तिचा वेळ जाईल,' असं काहीसं बायको सकाळी म्हणाली होती खरी. पण तेव्हा तो दात घासत होता, आणि दात घासताना ऐकलेलं धरायचं नसतं अशी त्याची समजूत होती. सासूबाई स्वतःच्या घराची दुरुस्ती होईपर्यंत म्हणून लेकीकडे आल्या होत्या. दुरुस्ती संपत आली होती. त्या एका आशेवर जावई पहाटे उठवला जाणं सोसत होता.

"ए, ऐकू येतंय का?" सासूबाईंनी खोक्यावर टकटक केली.

"नमस्कार, मी ताई. मी आपली काय मदत करू?"

"गजर लावायला सांगा म्हणालेत मला. पण नको लावूस. मी पहाटे आपोआप उठते आणि मग बाकीच्यांना उठवते."

"छान निर्णय आहे. आणखी काय मदत करू?"

सासूबाईंनी चपला काढल्या आणि पाय सोफ्यावर घेतले.

"आता विचारतेसच तर सांगते. आमचे जावई. माणूस तसे गरीब आहेत हो, पण मागच्या खोलीत दार लावून बसतात आणि बाईसारखं बोलतात."

विभागप्रमुख बाईंनी हेडफोन कानांवर दाबून धरले.

"मी दाराला कान लावून ऐकलंय. 'नमस्कार, मी आपली काय मदत करू?' अगदी तुझ्यासारखंच. लेक म्हणते, त्याचं कामच ते आहे. असलं काम असतं का गं कुठे?"

"छान प्रश्न आहे," ताई म्हणाली.

"म्हणून मी ठरवलंय. आता परत जायचंच नाही. ती मागची खोली आपण घ्यायची. म्हणजे दारही उघडं राहील आणि माझं लक्षही राहील."

मागच्या खोलीत एक टेबल होतं, व्यायामाची एक सायकल होती जिच्यावर बसून तो फक्त विचार करायचा, आणि दाराला कडी होती. न्हाणीघर सोडलं तर घरात कडी लावून बसता येईल अशी तेवढीच जागा.

"त्या खोलीत ओल आहे," ताई घाईघाईने म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"मी... हवामान पाहिलं."

"आमच्या मागच्या खोलीचं?"

"हो."

विभागप्रमुख बाईंनी अंगठा वर केला. ही सोय यंत्रात कधी घातली हे त्यांना आठवत नव्हतं, पण फार आवडली होती.

तेवढ्यात प्रिंटरवरची धूळ त्याच्या नाकात गेली. तो नेहमी लागोपाठ तीनदा शिंकतो, आणि शेवटी समाधानाने म्हणतो, "चला, मोकळं झालं." हे सगळं खोक्यातून अत्यंत गोड आवाजात बाहेर पडलं.

सासूबाई खोक्याकडे बघतच राहिल्या.

"जावईबापू?"

हो म्हणावं तर चाचणी बोंबलली. नाही म्हणायची तर सोयच नव्हती, नियम समोर भिंतीवर होता आणि खाली त्याचीच सही होती.

"छान प्रश्न आहे," ताई म्हणाली.

हुकमाचं पान हाती आलेला माणूस घाई करत नाही. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तू 'नाही' म्हणतच नाहीस का गं?"

"आपलं निरीक्षण छान आहे."

"असं? मग मी मागच्या खोलीत कायमची राहायला येते."

कपाटात विभागप्रमुख बाईंनी भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवलं. मग दोन्ही तळवे लांब धरून सावकाश जवळ आणले. दार बंद होत होतं.

"छान निर्णय आहे," ताई म्हणाली.

"सायकल गॅलरीत ठेवू."

"छान निर्णय आहे."

"कडी मात्र राहू दे. मला लागेल."

"छान... निर्णय आहे."

"आणि सकाळचा चहा जावई करतील. उठवीन मी त्यांना."

"छान निर्णय आहे. आणखी काय मदत करू?"

शेवटचं वाक्य सवयीने गेलं. सासूबाईंना आणखी बरीच मदत हवी होती.

जाताना त्या बाहेर नावं नोंदवणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "फार गुणी आहे हो तुमची ताई. तेवढं तिच्या सर्दीचं बघा."

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा सायकल गॅलरीत गेलेली होती.

"मला निदान विचारायचं तरी!" तो बायकोला म्हणाला.

"तिने विचारलं की तुला. तूच छान म्हणालास. रेकॉर्डिंग आहे म्हणे."

दुसऱ्याच दिवशी त्याने सूचना दिली, की ताईला प्रसंगी 'नाही' म्हणता यावं. विभागप्रमुख बाईंनी ती फेटाळली. सगळ्या चाचण्यांत इतकं समाधानी गिऱ्हाईक दुसरं मिळालं नव्हतं. उलट यंत्रात तीन शिंका घालायचं ठरलं. शिंकांमुळे यंत्र घरचं वाटतं, असं त्यांचं मत पडलं.

शिंकांचा सराव तो हल्ली गॅलरीत, सायकलवर बसून करतो. मागच्या खोलीची खिडकी गॅलरीतच उघडते. दाराला आतून कडी असते, खिडकी मात्र उघडी.

"दुसरी शिंक जरा गोड कर गं," आतून आवाज येतो.

"छान सूचना आहे," तो म्हणतो, आणि चहा टाकायला उठतो.