बिनखळीचा शर्ट

माझ्या बाबांना युद्धातलं सगळं कळत असे, आणि ते सगळं त्यांना धुण्यातून कळलेलं होतं. अमेरिकेच्या ताब्यातल्या ओआहू बेटावर, वाहियावा गावात, लष्करी छावणीच्या फाटकाबाहेर आमची लाँड्री होती. कोणाला बढती मिळणार, कोणाचं लग्न ठरलंय, हे बाबा नुसती कॉलर बघून सांगत. तरुणपणी जपानहून आले तेव्हा त्यांच्याकडे साधी इस्त्रीही नव्हती. आता अमेरिकेचं अर्धं सैन्य आपल्यामुळेच ताठ उभं राहतं, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

एक्केचाळीस सालच्या डिसेंबरातल्या त्या रविवारी विमानं आली तेव्हा बाबा अंगणात सोमवारच्या कपड्यांसाठी खळ शिजवत होते. खळीला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

"अहो इशिमोतो, हे काय चाललंय?" कुंपणापलीकडून मेडेरोस मावशी ओरडल्या.

"सराव," बाबा मान वर न करता म्हणाले.

"रविवारी? चर्चच्या वेळेला?"

"बाई, काल संध्याकाळी गठ्ठेच्या गठ्ठे शर्ट गेले इथून. सगळे कडक खळीचे. ज्याला लढायला जायचंय तो शर्टाला खळ मागत नाही. मान कापते त्याने, हात वर होत नाही. खळ लागते नाचायला जाताना."

आम्हाला हे पटलं. सरावांची सवयच होती आम्हाला. इतक्यात एक विमान मावशींच्या पपईच्या झाडाला घासून जाईल इतकं खाली आलं. पंखावर लाल गोळा होता. बाबांनी चक्क हात हलवला.

"बघा, या वेळी खर्च केलाय! शत्रूची विमानंसुद्धा रंगवून आणलीत."

"रंगारी तुमच्या गावचाच दिसतोय," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात खळीच्या पातेल्यातून एक गोळी आरपार गेली आणि गरम खळ बाबांच्या पायावर आली. भाजलेल्या पायाकडे त्यांनी पाहिलंही नाही. भोकाकडे बघत राहिले.

"सरावात खऱ्या गोळ्या नसतात," ते अगदी हळू म्हणाले.

दुपारपर्यंत रेडिओने सगळं सांगितलं. छावणीवर धूर होता. आदल्या दिवशी शर्ट न्यायला आलेला, मला चिडवून गेलेला एक सोनेरी केसांचा पोरगा त्या धुरात गेला. हे मला आजही हसत सांगता येत नाही.

मग आपल्याला जपानचे हेर समजतील या भीतीने आमच्या आळीत घरोघर जपानी कागद जाळायची घाई उडाली. माझा भाऊ तेत्सुओ एकोणीस वर्षांचा होता. तो दारात उभा राहून म्हणाला, "मी सैन्यात जातो. मी इथला आहे, इथे जन्मलोय." आई आत जाऊन कागदपत्रं ठेवलेला बिस्किटांचा डबा घेऊन आली. बाबांनी तो भट्टीत पालथा केला. आजोबांचा फोटो गेला, पत्रं गेली, कॅलेंडरही गेलं.

तेत्सुला सैन्याने घेतलं नाही. आमच्या तोंडवळ्याची मुलं तेव्हा नकोच होती त्यांना. सव्वा वर्षाने अचानक हवी झाली. जन्माचा दाखला घेऊन या, म्हणाले. डब्यात दाखला नव्हता.

"अहो, तुम्हीच नाही का त्या दिवशी डबा पालथा केलात?" आई म्हणाली.

आज रविवार आहे का, यावरही वाद घालणारे माझे बाबा म्हणाले, "जळला असेल. मला कुठे इंग्रजी वाचता येतं?"

मावशींना आठवडाभर पुरेल एवढं खाद्य मिळालं. "काय हो इशिमोतो, साऱ्या गावाचे डाग काढता काढता पोराचा जन्मच धुऊन टाकलात की!" बाबा खाली मान घालून इस्त्री फिरवत राहिले.

नक्कल मिळायला महिना लागणार होता आणि नावनोंदणी शुक्रवारी संपत होती. गुरुवारी आम्ही जेवायला बसलो. तेत्सुचे सगळे मित्र नाव देऊन आले होते. तो भाताकडे बघत बसला होता. मग म्हणाला, "बाबा, मनाला लावून घेऊ नका. तुमचा काही दोष नाही. घाईत झालं ते."

आईने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. उठून लाँड्रीत गेली आणि खळीच्या पिठाचा मोठा डबा उचलून आली. कोपरापर्यंत हात घालून तिने तळातून मेणकागदाची पुडी काढली.

"तू जातो म्हणालास ना, तेव्हाच हा दाखला काढून ठेवला," ती म्हणाली. "हा नसला तर तुला नेणार नाहीत, एवढंच मला कळत होतं. दोष यांच्यावर ढकलायला नको होता मी." आणि ती रडायला लागली. मला तिचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

तेत्सु आईकडे बघत होता. मी बाबांकडे बघितलं. त्या डब्यात आठवड्यातले सहा दिवस हात घालणारा घरात एकच माणूस होता.

"बाबा, म्हणजे तुम्हाला..."

"जेवा," बाबा म्हणाले. "भात गार होतोय."

तेत्सु निघाला त्या सकाळी त्याचा शर्ट बाबांनी कोणाला धुऊ दिला नाही. धुतला, वाळवला, अर्धा तास इस्त्री केली. तेत्सुने अंगात घातला, हात वरखाली करून पाहिले आणि हसला. "बाबा, खळ घालायची विसरलात!"

"म्हातारे झाले इशिमोतो!" कुंपणापलीकडून मावशी ओरडल्या. त्यांचे डोळे सकाळपासून लाल होते.

बाबांनी त्याची कॉलर नीट केली. मऊ होती ती.

"विसरलो नाही," ते म्हणाले.