साहेबांचं स्कॅन आणि बाईंचा खोकला

किर्गिझस्तानातल्या नारिन गावच्या सरकारी इस्पितळात मी बावीस वर्षं एक्स-रे काढतेय. लोकांच्या बरगड्या बघून बघून माणसांचं फारसं कौतुक उरलेलं नाही. रस्ते खात्यातून निवृत्त झालेल्या जुमाकादिर साहेबांचं तर कधी नव्हतंच.

साहेब दर तीन महिन्यांनी राजधानीत, बिश्केकला जाऊन एका खासगी दवाखान्यात सगळ्या अंगाचं सीटी स्कॅन करून यायचे. दुखत-खुपत काही नसायचं. घरी पाहुणे आले की चहाबरोबर फिल्म बाहेर काढायची. "यकृत बघा माझं! विशीतल्या पोराचं आहे!"

अशीच एकदा त्यांच्याकडे चहाला गेले होते. म्हटलं, "साहेब, एका स्कॅनमध्ये छातीच्या शंभरावर फोटोंइतके किरण अंगात जातात. आजार असेल तर जरूर घ्या. पण हौसेसाठी?"

"बुरुल, तू आपली बटणं दाब. महागडी मशीन कधी अपाय करते का?"

शेजारी त्यांची बायको सायराकान खोकत बसली होती. तीन महिने झाले होते. झगा खांद्यांवरून ओघळत होता.

"ताईंच्या छातीचा फोटो काढू या. उद्याच आणा."

"छे! बायकांना किरण सोसत नाहीत. रक्त पातळ होतं. मी तिला दुधातून मेंढीच्या शेपटीची चरबी देतोय."

स्वतः वर्षातून चार वेळा किरणांनी न्हाऊन यायचं आणि बायकोला शिंतोडाही चालत नाही! असल्या माणसाच्या हाताखाली जिल्ह्याचे रस्ते होते.

पुढच्या वेळी साहेब बिश्केकला गेले, तशी सायराकान एकटीच माझ्याकडे आली. मशीनकडे बघून घाबरली. "काही होणार नाही ना गं?"

"नुसतं घरात बसून आठ-दहा दिवसांत लागतात, तेवढेच किरण आहेत ताई. श्वास रोखा."

उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पोकळी दिसली. थुंकी तपासली. टीबीच होता.

कळल्यावर साहेब धावत आले. बायकोसाठी नव्हे. "मला लागण झाली असेल! माझं सगळं स्कॅन करा!"

डॉक्टरांनी छातीचा एकच फोटो काढायला सांगितला. साहेबांचं तोंड वाकडं झालं. फोटो स्वच्छ निघाला, तर म्हणाले, "तुमची मशीन जुनी आहे," आणि दुसऱ्या दिवशी बिश्केकची गाडी पकडली.

सायराकाननं सहा महिने एकही गोळी चुकवली नाही. रोज सकाळी एकटी चालत यायची, नर्सपुढे गिळायची. शेवटच्या फोटोत पोकळीच्या जागी बारीकसा व्रण तेवढा उरला होता. त्या दिवशी तिनं घरून बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले फुगीर तुकडे, आणले.

"साहेब काय म्हणतात?" मी विचारलं.

"विचारलंच नाही त्यांनी," ती म्हणाली. "तू खा गं, गरम आहेत."